पाटी नसलेली शाळा

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात ना, तशा शाळेत गोष्टी साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, कोपऱ्यात आपोआप ढीग होतो. आम्ही जुन्या बाया एकत्र जमलो, चहाचं आधण ठेवलं, की एकजण त्यातली एक चिंधी ओढते आणि तिच्यात गुंतून बाकीच्या बाहेर येतात. यातल्या निम्म्या गोष्टी पोरांच्या नाहीतच, आईबापांच्या आहेत. पोरांचा आमच्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास होता. आईबापांचा मात्र बसता बसत नव्हता!

बेळगावच्या शहापुरात कमळाबाईंनी बालमंदिर काढलं ते स्वराज्याच्या काही वर्षं आधी. बाई पुण्याला शिकून आलेल्या. लहान पोरांच्या हातात पाटी द्यायची नाही. आधी गाणी, रंग, वाळू, नाच. अक्षरं मागनं आपल्या पायांनी येतात, असं त्यांचं म्हणणं. जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या मागाच्या शेडची. विणकरांनी पाय सोडून बसायचे खड्डे तसेच होते, बाईंनी त्यात वाळू भरून घेतली.

आणि बरोब्बर समोरच्या माडीवर तात्या पंतोजींची शिकवणी! तिथं पाढे, बाराखडी आणि छडी. तिथली पोरं स्कूल बोर्डाच्या शाळेत थेट पहिलीला बसायची. मग आईबापांनी काय करावं? गल्लीच्या मधोमध उभं राहावं, एका कानानं 'बे एके बे' ऐकावं, दुसऱ्या कानानं आमचं गाणं ऐकावं, आणि आमच्याकडं चोराकडं बघावं तसं बघून पुढं जावं.

मी तिथं मदतनीस म्हणून लागले तेव्हा नुकतीच सातवीची फायनल पास झालेली. पोरं मला आक्का म्हणायची.

* * *

पहिला संशय आमच्या घरातलाच. माझे वडील, अण्णा, निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मी मामाकडं राहून शहापुरात नोकरी धरली हे कळल्यावर सकाळच्या मोटारीनंच बेळगावात हजर!

"काय काम करतीस गं?"

"पोरांना शिकवते, अण्णा."

"काय शिकवतीस?"

"आधी प्रार्थना. मग टाळ्या वाजवून गाणं. मग हत्तीची चाल…"

"हत्ती कोण हुतंय?"

"मीच."

अण्णांनी मामाच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "आणि ह्याला पगार देत्यात?"

"देतात की."

"नाचायला पगार देत्यात त्याला शाळा म्हणत न्हाईत, पोरी. नाटक कंपनी म्हणत्यात!"

मामानं समजूत घालून त्यांना कमळाबाईंकडं नेलं. बाईंनी बालशिक्षणावर अर्धा तास सांगितलं. अण्णांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि उठताना हळूच विचारलं, "ते सगळं खरं, बाई. पण तुमच्या कंपनीत पुरुष नट न्हाईत न्हवं?"

* * *

बाईंचा एक लाडका खेळ होता, शांततेचा. सगळ्या पोरांनी डोळे मिटून गप्प बसायचं. कुठं काय वाजतंय ते ऐकायचं. बाई अगदी हलक्या आवाजात एकेकाचं नाव घ्यायच्या, ज्याला ऐकू येईल त्यानं चवड्यांवर उठून त्यांच्याकडं जायचं.

एकदा रामू नावाच्या पोराचा बाप वडगावहून सूत घेऊन निघालेला, सहज खिडकीत डोकावला. बघतो तर काय! एरवी शेड डोक्यावर घेणारी पोरं डोळे मिटून, माना टाकून, पुतळ्यासारखी बसलेली. हूं नाही की चूं नाही. सुताचं गाठोडं गल्लीत टाकून तो धाडकन आत आला.

"अफू घातली व्हय पोरास्नी!"

बाई सांगायला लागल्या, हा खेळ आहे. तो ऐकेचना. "मला शिकवू नगा! माग सुरू असताना बारकं रडाय लागलं की आमची म्हातारी तिळाएवढी चाटवतीया. मला कळत न्हाय व्हय!"

आम्ही दोघी त्याला थोपवतोय, तो रामूला शोधतोय, आणि रांगेतून रामूचा आवाज आला, डोळे मिटलेलेच:

"आप्पा, तुमचं नाव घेतलंय का बाईंनी? मग मधी उठू नका की!"

* * *

हिंडलग्याच्या जेलात वॉर्डर असलेल्या एका गृहस्थांची मुलगी आमच्याकडं होती. गृहस्थ सज्जन, पण वर्ष वाईट होतं. बेचाळीसच्या ऑगस्टानंतर सगळीकडं धरपकड सुरू होती, मिठाईच्या दुकानात चार माणसं जमली तरी शिपाई येऊन उभा राहायचा. हे वॉर्डर एक दिवस खाकी कपड्यातच आले. आम्हाला धडकीच भरली.

"बाई, माझी पोरगी घरात गाणं म्हणतीय. 'कुणी उघडलं गं पिंजऱ्याचं दार, मैना उडाली नदीच्या पार.' हे कुणी शिकवलं?"

"आम्हीच. मैनेचं गाणं आहे."

"मैनेचं ते मला कळतंय. सायबाला कळंल का?" त्यांनी आवाज खाली आणला. "काल आमच्या क्वार्टरवरनं जेलरसाहेब चाललेते आणि ही दारात उभी राहून मोठ्यानं गातीय, पिंजऱ्याचं दार! माझी नोकरी हाय, बाई."

बाईंनी विचारलं, "मग काय करू? गाणं बंद करू?"

वॉर्डर घुटमळले. मुलगी बोट धरून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"बंद नगो. पिंजरा काढा आणि खुराडं घाला. कोंबडीवर अजून सरकारचं लक्ष न्हाय."

सहा महिने आमची पोरं "कुणी उघडलं गं खुराड्याचं दार" म्हणत होती. कोंबडी नदीच्या पार कशी गेली, हे एकाही पोरानं विचारलं नाही!

* * *

आमच्याकडं पोरं दोन्ही भाषांची. म्हणून बाईंनी चेंडूचा एक खेळ केला होता: टाकणाऱ्यानं मराठीत मोजायचं, झेलणाऱ्यानं कानडीत. एक, वंदु. दोन, एरडु. पोरांना लई मजा यायची.

घरी गेल्यावर मात्र दत्तोबाच्या पोरानं कानडीत आंबे मोजले आणि शिवलिंगाप्पांच्या पोरीनं मराठीत भाकऱ्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी दोघे बाप एकाच वेळी दारात! दत्तोबाचं म्हणणं, ही कानडी करायची फॅक्टरी आहे. शिवलिंगाप्पांचं म्हणणं, बाई पुण्याच्या, त्या मराठी केल्याशिवाय राहणार नाहीत.

बाईंनी दोघांना सतरंजीवर बसवलं. बसले ते एकमेकांवरच घसरले. आता शहापूरचीच माणसं ती! दत्तोबा समोरच्याला नीट कळावं म्हणून कानडीतून भांडायला लागला, आणि शिवलिंगाप्पा याला नीट झोंबावं म्हणून मराठीतून उत्तरं द्यायला लागले. आवाज चढत गेले. पोरं गोल करून बघत बसली.

बाईंनी थोडा वेळ ऐकलं, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आक्का, यांना चेंडू द्या."

* * *

नागाप्पाचा संशय वेगळाच. नागाप्पा म्हणजे साडीच्या काठासाठी नावाजलेला विणकर. नवा काठ बसवायला घेतला की दाराला आतून कडी, शेजाऱ्यालासुद्धा बघू द्यायचा नाही. त्याची गंगू आमच्याकडं. तिनं एक दिवस कागदावर रंगांनी एक काठ काढला. कोयऱ्या, मध्ये रुईची फुलं, वर बारीक दाते. इतका सुरेख की मी तो दोऱ्यावर अडकवून ठेवला.

न्यायला आलेल्या नागाप्पानं तो बघितला. चेहरा पांढराफटक!

"माझ्या मागावरचा काठ हितं कसा आला? वडगावच्या कुण्या विणकरानं सांगितलंय तुमास्नी? खरं बोला!"

किती समजावलं तरी त्याचा एकच हेका: हे रंगबिंग म्हणजे पोरांच्या हातनं घरातला माल बाहेर काढायची युक्ती आहे. शेवटी अट घातली, गंगूला कागद नाही, रंग नाही. वाळूत बसू दे. वाळूतलं टिकत नाही.

गंगू वाळूत बसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला बघतो तर खड्ड्याच्या कडेनं चारी बाजूंना तोच काठ, बोटानं कोरलेला, हातभर रुंद! आणि वडगावची एक बाई, पोराला न्यायला आलेली, पदर तोंडाला लावून तो निरखत उभी.

नागाप्पा आला, खड्ड्यात उतरला आणि दोन्ही हातांनी वाळू सारखी केली. त्या दिवसापासून तो रोज शाळा सुटायच्या आधी यायचा, सगळे खड्डे तपासायचा, वाळू सपाट करायचा, इकडं तिकडं सांडलेली भरायचा, मगच गंगूला घेऊन जायचा.

कमळाबाई म्हणायच्या, "एवढा इमानदार शिपाई आपल्याला पगार देऊनसुद्धा मिळाला नसता!"

* * *

खरी कसोटी जूनमध्ये. आमची पहिली पोरं बोर्डाच्या शाळेत जायची होती. घेतलं नाही तर बालमंदिर बंद, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तोवर निम्म्या आईबापांनी धीर सोडून, सकाळी आमच्याकडं आणि दुपारी गुपचूप तात्या पंतोजींकडं, अशी दुहेरी सोय केली होती. आम्हाला ते कसं कळलं? एक पोरगं हत्तीच्या चालीवर सातचा पाढा म्हणताना सापडलं!

हेडमास्तर म्हणजे कडक गृहस्थ. आमच्या पोरांकडं बघून म्हणाले, "हीच का ती नाचणारी?" पहिलं पोरगं पुढं गेलं, पाढा विचारल्यावर रडायला लागलं, गेलं पहिलीच्या खालच्या बिगारीत. दुसरं पोरगं तसंच. दाराबाहेर आईबाप एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. बाई पदराचं टोक पिळत उभ्या.

मग सुशी. एवढीशी, नाकात मोरणी. हेडमास्तर म्हणाले, "क काढता येतो?"

"येतो की. किती मोठा काढू?"

"किती म्हणजे? काढ तुला येईल तेवढा."

त्यांनी पाटी पुढं केली. सुशीनं पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं पाटीवरची पेन्सिल उचलली, भिंतीशी गेली आणि फरशीवर ओणवी होऊन उभी रेघ ओढत निघाली. आमच्याकडं वाळूत अख्ख्या हातानं अक्षरं गिरवायची सवय! डावीकडचं पोट काढलं, ते फळ्याला जाऊन टेकलं. उजवीकडचं वळण घेताना मध्ये टेबल आलं. सुशी थांबली.

"मास्तर, जरा सरका. शेपूट काढायचंय."

आणि हेडमास्तर खुर्ची उचलून सरकले! सुशीनं शेपूट काढलं, वर शिरोरेघ मारली, हात झटकले. तेवढा सुबक क त्या शाळेत कुणी काढला नसेल.

हेडमास्तर त्या क-च्या पोटात उभे होते. तिथूनच कारकुनाला म्हणाले, "पहिलीत घाला. आणि गड्याला सांगा, हे आज पुसू नको."

* * *

आता ही भरमाण्णाची.

भरमाण्णा बेळगुंदीचा शेतकरी. त्याची बायको आदल्या पावसाळ्यात तापानं गेली. लेक तानी पाच वर्षांची, तिला त्यानं शहापुरात बहिणीकडं ठेवलं. बहीण दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पोरीकडं बघायला सवड नाही, म्हणून तिनं तानीला आमच्याकडं आणून बसवलं. तानी कुणाशी बोलायची नाही. गाण्याला उभी राहायची, पण तोंड मिटलेलं.

भरमाण्णा बाजाराच्या दिवशी रताळ्यांची गाडी घेऊन यायचा. गाडी सोडली की तडक आमच्या खिडकीशी. आत कधी यायचा नाही. गज धरून उभा राहायचा आणि संशयानं एकेक वस्तू बघायचा: रंगाच्या वाट्या, घुंगरू, वाळू. एकदा मी म्हटलं, "आत या की, दादा." तर म्हणाला, "नगो. काय करताय ते हितनं दिसतंय."

मग एका बाजाराला तो दारात आला. हातात तानीच्या कपड्यांचं गाठोडं.

"बाई, पोरीला न्यायला आलोय. लई दिस बघितलं. लिवत न्हाय, वाचत न्हाय, तोंडातनं शब्द न्हाय. गावात मास्तर हाय, त्याच्याकडं बसवतो. मार खाईल, पण चार अक्षरं तरी येतील. आईविना पोर, उद्या तिला कोण इचारणार?"

बाईंनी नुसतं तानीकडं बोट दाखवलं.

त्या दिवशी कुंभाराकडून माती आणवली होती. सगळ्या पोरांनी लाडू आणि साप वळून संपवले होते. तानी मात्र कोपऱ्यात एकटी, अजून मातीतच. तिनं एक बाई केली होती. वीतभर. डोक्यावरून पदर, एक पाय लांब सोडलेला, एक दुमडलेला, दोन्ही हात जात्याच्या खुंट्यावर.

"ऊठ तानी, चल," भरमाण्णा म्हणाला.

तानी उठली नाही. तो तिला ओढायलाच पुढं गेला, वाकला, आणि तसाच राहिला. मग हळूहळू खाली बसला. गाठोडं बाजूला ठेवलं. मी पुढं व्हायला लागले तर बाईंनी माझा हात धरला.

मग भरमाण्णानं पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली. तानी जरा सरकली, त्याला जागा करून दिली.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "थोडी माती द्या हिकडं. तिचं नाक असं बसकं न्हवतं."