कुंपणावरच्या बाया

गल्लीच्या तोंडाशी तिचा फोटो स्टुडिओ. सगळं गाव तिला ‘हनुवटीबाई’ म्हणायचं, कारण कॅमेऱ्यामागून तिचा एकच धोशा असायचा, "हनुवटी वर!"

बायकांना मताचा हक्क मिळाल्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून नगरपालिकेने सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरवलं. ती सासूबाईंना घेऊन हौसेने गेली. बघते तर भिंतभर नुसते मिशीवाले! खाली पाटी, ‘स्त्रियांना मताधिकार देणारे’.

सासूबाई तरातरा फाटकापर्यंत आल्या. मग फणकारल्या, "देणारे म्हणे! याच फाटकाशी मतासाठी आम्ही हातात हात गुंफून उभ्या होतो. पोलिसांनी खेचलं तेव्हा माझा खांदा निखळला. अजून हात वर जात नाही."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंना स्टुडिओतल्या दिव्यासमोर बसवलं. त्यांनी सवयीने खांद्यावर शाल ओढली.

"शाल काढा. तो खांदाच हवाय मला."

मग सासूबाईंनी तेव्हा फाटकाशी उभ्या राहिलेल्या जुन्या मैत्रिणी हुडकल्या. कपडे शिवणारी आली, निवृत्त नर्स आली, गिरणीतली एक तर काठी टेकत जिना चढली. हसा म्हणून तिने कोणालाच सांगितलं नाही.

पुरुषभर उंचीचे फोटो तिने नगरपालिकेच्या कुंपणाला सुतळीने बांधले. मुकादम धावत आला.

"परवानगी कुठाय?"

"यांनी तरी तेव्हा कुठे घेतली होती?"

तो सुतळी सोडायला वाकला, तर सासूबाई आपल्याच फोटोपुढे जाऊन उभ्या. पाठोपाठ बाकीच्याही. बघ्यांची ही गर्दी! बिचाऱ्याची पंचाईत झाली. शेवटी नगराध्यक्ष बाहेर आले, गोड बोलू लागले, "आत लावू की. जिन्याखाली जागा आहे."

"तिथे झाडू असतात, साहेब," सून म्हणाली. "सभागृहात लावा, नाहीतर आम्ही रस्त्यावर बऱ्या."

फोटो कुंपणावरच राहिले. उन्हाने विटले की ती नवे छापून बांधायची. लोक थांबून बघत, आपापल्या आज्यांना विचारत. वर्ष सरता सरता पालिका नमली. सभागृहाची समोरची भिंत मिळाली आणि ती पाटीही उतरली. गिरणीवाली ते बघायला उरली नव्हती, तिची लेक आली होती.

सासूबाईंनी स्वतःचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

"नाक जरा मोठं आलंय गं."

"आहेच मोठं," सून म्हणाली, आणि दोघी हसत बाहेर पडल्या.