विणकर कोणाला म्हणावं

सरकारी कायद्यांचे मसुदे लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. "कोर्टात केव्हा उभी राहतेस?" असं नातेवाईक अजून विचारतात. मी वकील असले तरी कोर्टात कधीच उभी राहिले नाही. एका वाक्यात 'आणि' ठेवायचं की 'किंवा', यावर दिवस घालवणारी मी.

हिवाळी अधिवेशनाला आमचं खातं मुंबईहून नागपूरला येतं. तेवढे दिवस मी माहेरी राहते. एका वर्षी हातमाग विणकरांसाठीच्या विधेयकाचं काम माझ्याकडे होतं. रविवारी उमरेडची मावशी बसनं तुरीच्या शेंगा घेऊन आली. तिच्या घरी माग आहे, तो काका चालवतात.

मसुदा घरी दाखवता येत नाही, पण एखादा शब्द विचारायला हरकत नसते. शेंगा सोलता सोलता मी म्हटलं, "मावशी, विणकर कोणाले म्हणतेत वं?"

"जो मागावर बसते तो. तुहे काका."

"आन् तू?"

ती हसली. "सूत उकला, त्याच्या कांड्या भरा, खळ लावा. ते का विणणं होय?" मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "पण कांड्याच नाही भरल्या, तर ते काय विणतीन?"

माझ्या मसुद्यात लिहिलं होतं, 'विणकर म्हणजे हातमागावर कापड विणणारी व्यक्ती'. नेटकं वाक्य होतं, मला आवडलेलं. त्यात मावशी नव्हती.

सोमवारी मी हे साहेबांना सांगितलं. मला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणाले, "धोरण संबंधित खात्यानं ठरवायचं. आपल्याला वाटलं म्हणून आपण कोणाला आत घ्यायचं नाही."

"पण विचारता तर येतं ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारता येतं. मावशीला मध्ये न आणता विचार."

मी टिपण पाठवलं. विणकामाआधीची कामं घरातली जी माणसं करतात, त्यांनाही लाभ द्यायचा खात्याचा विचार आहे काय? उत्तराची दोन महिने वाट पाहिली. मी आशा सोडली होती, तेव्हा एक ओळ आली: विचार आहे, तशी तरतूद करावी. साहेबांनी ती वाचली आणि दोन चहा सांगितले.

पुढच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. विणकराच्या नव्या व्याख्येवर सभागृहात कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या कामात तीच शाबासकी असते.

छापील प्रत घेऊन मी उमरेडला गेले. मावशीनं ओळीवर बोट ठेवून वाचलं. "'पूर्वतयारीची कामे'? कांड्या भरणं असं सरळ काहून नाही लिहिलं?"

"दुसऱ्या गावात त्याले दुसरं नाव असलं, तर तिथली बाई सुटन ना."

तिनं जरा विचार केला. "हाव. मंग बरोबर आहे."

काही महिन्यांनी तिचा फोन आला. ओळखपत्र मिळालं होतं. "फोटो लय बेकार आला वं. डोळेच मिटले."

"व्यवसाय काय लिहिला?"

"विणकर," ती म्हणाली. "पण फोटो बदलून देतेत का, ते पाह्य ना तुह्या ऑफिसात."