वाट्याचा घोडा

लेफ टटलला राग यायला फारसा वेळ लागत नसे, आणि आला तसा निघूनही जायचा. त्या सकाळी आलेला मात्र गेलाच नाही.

वायोमिंगच्या माळावर दुसऱ्यांची गुरं राखण्यात त्याची हयात गेली. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, गुडघे कामातून गेलेले. स्वतःचं म्हणावं असं एक खोगीर तेवढं होतं. घोडे मालकाचे. पण कामाला लागलेल्या माणसाला मुकादम घोडे वाटून देतो, आणि एकदा वाट्याला आले की त्यांना खुद्द मालकही हात लावत नाही. न विचारता वाट्यातला एक घोडा काढून नेला, की माणसानं ओळखायचं, आपलं इथलं अन्नपाणी संपलं. 'चालता हो' असं कोणी म्हणत नाही. माणूस आपली वळकटी बांधतो आणि निघतो.

बर्फ लवकर पडलं होतं. आता वसंतापर्यंत कुठल्याच रँचवर नवा माणूस घेणार नव्हते. लेफला हिवाळ्यापुरती डोंगराकडची खोपटी मिळाली होती. शेगडी, पीठ, डुकराचं खारं मांस आणि डोक्यावर छप्पर. त्याला एवढंच हवं होतं.

तो दोर घेऊन कुंपणाशी आला, तर जायफळ जागेवर नाही. शिंगरू असल्यापासून त्यानं स्वतःच्या हातानं तयार केलेला, त्याच्या वाट्याचा जायफळी रंगाचा घोडा. समोर तोच उभा होता, पाठीवर कोरं करकरीत खोगीर, आणि त्यावर रँच चालवणाऱ्या कंपनीच्या नव्या साहेबाचा मेव्हणा. बोस्टनहून हरणं मारायला आलेला.

लेफ तसाच मागं फिरला. गड्यांच्या खोलीवर गेला, वळकटी बांधली, खोगीर खांद्यावर टाकलं आणि तडक मुकादमापुढे येऊन उभा राहिला. मुकादम म्हणजे ऑरिन बिग्ज. दोघं एकाच घोंगडीखाली कुडकुडलेले.

"काढायचंच होतं तर तोंडानं सांगायचंस, ऑरिन."

"अरे बाबा, तुला काढलंय कुणी? साहेब शहरातला माणूस, त्याला आपल्या रीती काय कळतात? मेव्हण्याला गरीब घोडा पाहिजे म्हणाला, संपलं."

"त्याला कळत नाहीत. तुला?"

ऑरिन बुटानं बर्फ उकरू लागला.

"खोगीर कुणी कसलं त्याच्यावर?"

"मी." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझीही नोकरी आहे, लेफ. दोन शब्द बोललो असतो तर मीच रस्त्यावर आलो असतो. ऐक माझं, थोडं गिळून टाक. खोपटी तुझीच आहे."

"आज हे गिळलं की उद्या प्रत्येकाचा घोडा जाईल. आणि तू खोगीर कसून देशील." लेफनं खांद्यावरचं खोगीर सावरलं. "साहेबाचा मला राग नाही रे. तो गाढव आहे, त्याला माफ. तू माझ्या ताटात जेवलायस, लेका."

खोलीच्या पायरीवर गडी जमले होते. आचारी हातातलं भांडं तसंच धरून उभा होता. लेफ फाटकाकडे वळला तसा ऑरिन मागं धावला.

"असा चालत जाणार? या घोडेस्वारीच्या बुटांनी? मरशील वाटेत. गावापर्यंत तरी घोडा घे."

लेफ थांबला. "घेतो की. कुणाच्या वाट्याचा देतोस?"

ऑरिननं पायरीवरच्या गड्यांकडे पाहिलं.

"बोल ना. हँकचा काढतोस? का त्या डच म्हाताऱ्याचा? उभे आहेत बघ सगळे. कुणाला घालवतोस, सांग."

पायरीवरचे गडी आपापल्या बुटांकडे बघू लागले. कुणालाच मान वर करायची नव्हती.

"नाहीतर तुझ्या वाट्याचा दे. तो काय, तिथंच बांधलाय."

ऑरिनचा करडा घोडा खांबाशी उभा होता. ऑरिन दोन पावलं गेला, लगाम धरला, गाठ सोडायला बोटं लावली, आणि त्याची नजर साहेबाच्या खिडकीकडे गेली. बोटं गाठीवरच राहिली.

लेफनं त्या हाताकडे नीट बघून घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "सांभाळ त्याला. आता तोही तुझा नाही."

खोगीर दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो फाटकाबाहेर पडला. बुटांच्या उंच टाचा बर्फात रुतत होत्या, तरी त्यानं मागं वळून पाहिलं नाही. तो टेकाडाआड गेला, तेव्हाही ऑरिन लगाम धरून तिथंच उभा होता.