गाजरगवत उपटणारे अप्पा

एसटीतून निवृत्त झाल्यावर गुरुलिंगअप्पा निलंग्यातल्या बागेत फिरायला जाऊ लागले. बाग कसली, कमरेएवढं गाजरगवत माजलेलं. चार जण गोळा करून ते उपटायला सुरुवात त्यांनीच केली. कापडदुकानदार अमृतराव मागून आले, आले ते बॅनर घेऊनच. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. हातमोजे घातले की बुडखा नीट धरता येत नाही म्हणून ते नुसत्या हातांनी उपटत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात मनगटं खाजू लागली. मग मान, पापण्या, सगळं तोंड. कातडी काळवंडून भेगाळली, उन्हात गेलं की नुसती आग. अमृतरावांनीच त्यांना लातूरला डॉक्टरांकडे नेलं. गवताची ॲलर्जी आहे, कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही समजावलं. तरी गटातली माणसं अप्पांचं खुरपं हातात घेईनाशी झाली.

बाग मोकळी झाली, उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी अमृतराव आले आणि दारातच थांबले.

“अप्पा, उद्या तुम्ही आराम करा.”

“काहून?”

“लोकं घाबरायलेत. लेकरंबाळं असतेत तिथं.”

“हे लागत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं तवा तुम्ही शेजारीच बसला होता की!”

“मला ठावं हाय हो. पण लोकांला कसं सांगावं?”

आतून अप्पांची बायको नीलाबाई कडाडली, “गवत उपटायला बोलवताना बरं सांगता येत होतं!”

अमृतराव दारातूनच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून गेलेच. शेवटच्या रांगेत बसले. शेजारच्या बायका लेकरांना घेऊन उठल्या. माईकवर अमृतराव एकेकाचे आभार मानत होते. “आपले गुरुलिंगअप्पा आजारपणामुळं आज येऊ शकले न्हाईत,” ते म्हणाले. बोलताना त्यांची नजर अप्पांवर पडली, आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. अप्पा उठून घरी आले.

पावसाळा लागताच बागेत गवत पुन्हा तरारलं. अमृतरावांचा फोन आला. “अप्पा, माणसं जमंनात. तोंडाला रुमाल बांधून तेवढं या की.”

“आजारी हाय मी. तुम्हीच सांगितलं की समद्यांला,” म्हणत अप्पांनी फोन ठेवला.

गवत वाढलं याचं त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. नीलाबाईनं मलमाची डबी पुढं केली, आणि ते हात चोळत बसले.