सायराबाजींचा लॉग

संगणकाच्या पडद्यावर एररची चौकट आली की माणूस आधी ती बंद करून टाकतो. सायराबाजींसमोर मी हे एकदाच केलं. त्यांनी माझ्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि म्हणाल्या, "सर, दारात आलेल्या मानसाले काय पायजे ते न इचारताच हाकलता काय? काय म्हनते ते आयकून तं घ्या." मग ती एरर पुन्हा येईपर्यंत तेच काम त्यांनी मला परत परत करायला लावलं. आली तेव्हा तिचा आकडा एकेक अक्षर करून वहीत उतरवून घेतला आणि मगच मला चौकट बंद करू दिली.

आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात त्या कंत्राटी लॅब असिस्टंट होत्या. बाजी म्हणजे ताई, सगळं कॉलेज त्यांना तसंच म्हणायचं. मी भौतिकशास्त्र शिकवायचो. त्या देऊळघाटच्या. वडील सुतार, दमेकरी. धाकटा भाऊ नासिर वडिलांच्या हाताखाली दारं-खिडक्या करायचा. बाजी सकाळच्या बसने यायच्या, डोक्यावरची ओढणी घट्ट, खांद्याला एक कापडी पिशवी आणि त्यात दहा-बारा पेनड्राइव्ह, प्रत्येकाला रंगीत दोरा बांधलेला. कुठला दोरा कशाचा हे फक्त त्यांनाच ठाऊक.

लॅबमध्ये चाळीस मशीन होती आणि इंटरनेट असं, की चाळिसांनी एकदम अपडेट मागितले तर आठवडा जायचा. म्हणून बाजी दर दोन-तीन महिन्यांनी एक साचा तयार करायच्या. ऑपरेटिंग सिस्टिम ज्यावरून मशीनवर चढते ती इन्स्टॉलेशनची इमेज एका फोल्डरमध्ये उघडायची, तिच्यात नवे अपडेट एकामागून एक बसवायचे, जतन करायची, बंद करायची आणि त्या एका साच्यावरून चाळीस मशीन भरायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पायरीपायरीवर एरर यायची.

एकदा सगळं बसलं, पण इमेज काही केल्या बंद होईना. विभागप्रमुख इंगळे सर म्हणाले, फाइलच खराब आहे, नवी आणा. बाजी वाकून पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. तोच फोल्डर इंगळे सरांनीच दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवला होता. "सर, घरात तुमी बसले आहात आन् मी भाईरून कुलूप लावून राह्यली. कसं लागन?" खिडकी बंद केल्याबरोबर इमेजही बंद झाली. आम्ही सगळे हसलो. इंगळे सर हसले नाहीत.

बाजींचा स्वभाव ज्यांना माहीत होता ते त्यांच्याशी जपून वागत. देऊळघाटच्या एका शिंप्याने त्यांचा ईदचा सलवार-कुर्त्याचा जोडा बिघडवला आणि वर सांगितलं, कापडच सडकं होतं. बाजी भांडल्या नाहीत. त्याच ताग्यातलं तेच कापड त्यांनी पुन्हा विकत घेतलं, दुसऱ्याकडून शिवून घेतलं आणि दर शुक्रवारी तो जोडा घालून त्या शिंप्याच्या दुकानावरून जाऊ लागल्या. बोलायचं नाही, बघायचं नाही, फक्त जायचं. सातव्या की आठव्या शुक्रवारी शिंपी स्वतः घरी आला आणि चूक कबूल करून गेला. मी विचारलं, "एवढं कशाला, बाजी?" तर म्हणाल्या, "कापड तेच ठेवलं, शिंपी बदलला. मंग खोट कोनाची ते गावाले दिसलं. मले काऊन बोला लागते?"

त्यांची मशीन दुरुस्त करायची रीतही हीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एरर गेली तर दोष तिथे होता.

मग ती ऑनलाइन परीक्षा आली. आमचं कॉलेज पहिल्यांदाच केंद्र झालं होतं. परीक्षेच्या सॉफ्टवेअरला नवा अपडेट लागणार असं आदल्या दिवशी कळलं. बाजींचे वडील त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात भरती झाले. दुपारी बारा वाजता रजेचा अर्ज ठेवून त्या निघाल्या. जाताना इंगळे सरांना बजावून गेल्या, "हात नका लावू. याच्याआंधी एक लहान अपडेट टाका लागते, मंग हा मोठा. मी उद्या पहाटं येऊन करते."

मी माझ्या वर्गाच्या चाचणीची प्रश्नपत्रिका छापून घ्यायला लॅबमध्ये गेलो तेव्हा इंगळे सर स्वतःच साचा करत बसले होते. काही अपडेट आत गेले, मग एरर आली. मी म्हटलं, "बाजींना फोन लावू का?" ते म्हणाले, "एवढ्याशा एररले फोन काय लावता? आपन काय आडानी आहो?" चौकट बंद केली आणि अर्धवट इमेज तशीच जतन केली. दोन शिपायांना हाताशी घेऊन पाच वाजेपर्यंत चाळीस मशीन भरली. सगळी सुरू झाली. "पाह्यलं?" ते म्हणाले.

बाजींना पहाटे दवाखान्यातून निघता आलं नाही. सकाळी मशीन पुन्हा सुरू केली. आत अडकलेला अर्धा अपडेट पुरा करायला प्रत्येक मशीन धडपडू लागलं. जमेना, की बदल मागे घ्यायचं आणि परत बंद होऊन सुरू व्हायचं. चाळीसच्या चाळीस पडद्यांवर तेच गोल फिरणारं चिन्ह. बाहेर मेहकर, लोणार, देऊळगाव राजाहून आलेली पोरं रांगेत उभी होती. एका मुलीचे वडील माझ्या हाताला धरून विचारत होते, "सर, आता काय?" दोन वाजता परीक्षा रद्द झाली. आठ दिवसांत केंद्रही गेलं.

संस्थेच्या सचिवांनी स्टाफरूममध्ये बैठक घेतली. इंगळे सर म्हणाले, "इमेज बाजीनं बनवली. जायच्या आंधी बनवून गेल्या." बाजी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी इंगळे सरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. माझ्या कायम होण्याची फाइल त्या महिन्यात सचिवांकडे होती. कारण एवढंच होतं, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाजींना काढून टाकलं. चार्ज देताना त्यांनी एकच केलं. साचा ज्या मशीनवर तयार झाला होता त्याचा लॉग स्वतःकडे उतरवून घेतला. काय केलं, किती वाजता केलं, कुठे अडलं, मशीन हे सगळं आपणहून लिहून ठेवतं. तो लॉग आणि लॉगिनची नोंद छापून त्या सचिवांकडे गेल्या. सचिवांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "हे विंग्रजी कोन वाचन?"

बाजी म्हणाल्या, "वाचन कोनी तरी, साहेब. तुमच्याच समोर वाचल्या जाईन."

चिखली रोडला त्यांनी लहानसं दुकान टाकलं. सुरुवातीला लोक म्हणायचे, हीच ती, जिनं परीक्षा बुडवली. पण हळूहळू शाळा, पतसंस्था, तलाठी, सगळे त्यांच्याकडे यायला लागले. मी त्या रस्त्याने जायचं टाळायचो.

दोन वर्षांनी केंद्र परत मिळवायची संधी आली. पंधरा दिवसांवर तपासणी आणि लॅबमध्ये साचा काही केल्या तयार होईना. इंगळे सर रोज नवी एरर घेऊन बसायचे. अकोल्याहून माणूस बोलावला, तो दोन दिवस राहून गेला. शेवटी सचिव मला म्हणाले, "तुमची ओळख आहे. बाजीकडे जा."

मी गेलो. बाजी एका मशीनचं झाकण उघडून बसल्या होत्या. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं.

"करते," म्हणाल्या. "पन मले आंधी तेच स्टाफरूम पायजे. तेच लोक, त्याच खुर्च्या. लॉग इंगळे सर वाचतीन. त्याच्यानंतर मी तुमाले तीन गोष्टी इचारीन. खरं सांगा लागन."

"बाजी, काम झाल्यावर बसून बोललो तर?"

"काम झाल्यावर मले कोन इचारते, सर? दोन वर्सं झाले. माहा बाप याच दु:खात गेला. पोरीनं परीक्षा बुडवली असं त्याले लोक मशिदीच्या दारात म्हनत. मले घाई नाही. घाई तुमाले आहे."

सचिवांनी एक दिवस नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी हो म्हटलं.

बाजी आल्या आणि दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसल्या. कागद इंगळे सरांच्या हातात दिले. ते भराभर इंग्रजीतून वाचू लागले, तेव्हा त्यांनी थांबवलं. "मराठीत सांगा. साहेबाले समजलं पायजे."

इंगळे सरांनी घसा खाकरला. "दोन पन्नास. मोठा अपडेट बसत नाही. आधी दुसरा लागते, असं लिहिलं आहे."

"मंग?"

"तीन वाजून चार मिनिटं. इमेज जतन केली."

"एरर असतानी?"

"हो."

"दुसरा कागद. लॉगिन कोनाचं?"

"माझं," इंगळे सर म्हणाले.

"आन् मी कवा गेली? अर्ज जोडला आहे खाली."

"बारा वाजता."

बाजींनी मान माझ्याकडे वळवली. "सर, तीन वाजता लॅबमधी तुमी होते काय?"

"होतो."

"मी होती काय?"

"नाही."

"तुमाले हे कवा माईत झालं?"

हा प्रश्न येणार हे मी रात्रभर ओळखून होतो. "त्याच दिवशी," मी म्हणालो.

माझे पंचवीस सहकारी माझ्याकडे बघत होते. बाजींनी कागद गोळा केले, नीट घडी घातली, पिशवीत ठेवले. "चला, लॅब दाखवा," म्हणाल्या.

त्यांना तीन दिवस लागले. पहिल्याच दिवशी सापडलं की कधीतरी अर्धवट उघडून सोडलेल्या जुन्या इमेज मशीनमध्ये तशाच अडकून बसल्या होत्या, त्यामुळे नवी धड बसत नव्हती. त्या साफ केल्या. मग कळलं की एकाच इमेजमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या चार आवृत्त्या होत्या आणि इंगळे सर अपडेट भलत्याच आवृत्तीत बसवत होते. आधी लहान अपडेट, मग मोठा. प्रत्येक पायरीनंतर वहीत नोंद. साचा तयार झाल्यावर एकच मशीन भरलं आणि ते पाच वेळा बंद करून सुरू केलं. सचिव दारात घुटमळत होते. "आता सगळे भरा ना, बाजी." त्या म्हणाल्या, "अजून एक रात बंद राहू द्या. मांगच्या वक्ताले रातीतूनच बिघडलं होतं." दुसऱ्या सकाळी ते मशीन सुरळीत सुरू झालं, तेव्हा त्यांनी उरलेली एकोणचाळीस भरली. तपासणी पार पडली. केंद्र मिळालं.

सचिवांनी त्यांना नोकरी देऊ केली आणि इंगळे सरांना दुसरीकडे पाठवायचं ठरवलं. बाजींनी नोकरी नाकारली. इंगळे सरांबद्दल मात्र हट्टच धरला. "त्यायले हालवू नका. इथंच राहू द्या. रोज याच स्टाफरूममधी चहा पिऊ द्या." सचिवांना तो मोठेपणा वाटला. मला शिंपी आठवला. इंगळे सर दिवाळीपर्यंत टिकले, मग स्वतःच बदली मागून गेले. मी हे बाजींना सांगायला गेलो तर हातातला स्क्रू ड्रायव्हर न थांबवता त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता मले चांगली झोप लागन." त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ समाधान होतं. पश्चात्ताप, कीव, काहीही नाही. मीच उगाच शोधत होतो.

त्याच दिवशी मी माफी मागितली. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं, समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

"मांगा, सर. मांगन्याले काही हरकत नाही. मी देनार नाही."

"इंगळे सरांना दिली असती?"

"त्यायचं येगळं आहे. त्यायले स्वताले वाचवाचं होतं, ते खोटं बोलले. घाबरलेला मानूस खोटं बोलते. तुमच्यावर तं कोनी आळ घेतला नव्हता. तुमी नुसतं बसून पाह्यलं." मग चहा आला. "घ्या, थंडा होते."

त्यानंतर चार वर्षं मी महिन्यातून एकदा तरी त्या दुकानात जात राहिलो. त्या चहा द्यायच्या, माझा लॅपटॉप बघून द्यायच्या, एरर कशी वाचायची ते शिकवायच्या. रागाने बोलल्या असं कधीच नाही. माफीचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. काविळीचं निमित्त झालं, पंधरा दिवसांत आटोपलं. मला कळेपर्यंत दफनविधी होऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी मी देऊळघाटला गेलो. नासिर अंगणात लाकडाच्या फळ्यांवर बसला होता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं. आम्ही बराच वेळ दवाखान्याचं, दुकानाचं बोललो. निघताना तो वेशीपर्यंत सोबत आला आणि म्हणाला, "बाजी तुमचं लय नाव घे, सर."

"काय म्हणायच्या?"

त्याने चपलेने रस्त्यावरचा खडा बाजूला केला. मी म्हटलं, "सांग, नासिर. मला वाईट वाटणार नाही."

"म्हने, सर भला मानूस आहे," नासिर म्हणाला. "फक्त गवाहीले त्यायले बलावत जाऊ नका."