लोलो म्हटलं की मी ओ देत नाही

मेलबर्नच्या कडेला टार्निटमधल्या आमच्या घराची मागची खोली सुनेनं भाड्यानं दिली, ती मला न विचारता. त्या दिवसांत इथं शिकायला येणाऱ्या पोरापोरींचा असा लोंढा होता, की लोक गॅरेजातसुद्धा खाट टाकून विद्यार्थी ठेवत होते. मला वाटलं, येईल कुणी पुण्या-नाशिकचा, दोन शब्द बोलायला होतील. आली ती फिलिपीन्सची मुलगी. नर्सिंग शिकणारी, आणि शिकता शिकता म्हाताऱ्यांच्या आश्रमात शिफ्ट करणारी.

आल्या आल्या तिनं बॅग दारात ठेवली, माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. मी झटकन मागं ओढला.

सून हसली. "अण्णा, त्यांच्यात मोठ्यांना असाच नमस्कार करतात."

नमस्कार करायचा तर वाकून पायाला करावा. हात काय, कुणीही धरतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कराडच्या बाजूला पिठाची गिरणी चालवली, त्यावर मुलाला इंजिनिअर केलं आणि बायको गेल्यावर त्याच्याकडं इथं आलो. येताना मनाशी एकच धरलं होतं. डोळे मिटायच्या आत नातीच्या तोंडून माझ्याशी मराठी बोलणं ऐकायचं. नात तेव्हा दुसरीत होती. पाणी आण म्हटलं की आणायची, पण पुढ्यात ठेवताना म्हणायची "हिअर". मला हाक मारायची ती "ग्रँडपा".

मुलगा म्हणायचा, "अण्णा, तिला कळतं ना सगळं? मग झालं."

कळायला काय, गिरणीतल्या कुत्र्यालाही माझं सगळं कळत होतं.

ही मुलगी राहायला आली आणि नात शाळेतून आली की दप्तर टाकून थेट मागच्या खोलीत. एकदा जेवताना मला म्हणाली, "लोलो, पास द रोटी."

"कोण लोलो?"

"यू! लोलो मीन्स ग्रँडपा."

घास तिथंच राहिला माझा. मी कितीदा सांगितलं, आजोबा म्हण, आजोबा म्हण. ते जिभेवर येईना, आणि कालच्या भाडेकरणीचा शब्द आज तोंडात!

"इथं कुणी लोलो राहत नाही," मी म्हटलं. "लोलो म्हटलं तर मी ओ देणार नाही."

आणि दिली नाही. मी बोललो की बोललो. पोरीला आधी खेळ वाटला, मग तिनं हाक मारायचीच सोडली. मी पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसायचो आणि आवाज बारीक करायचो. मागच्या खोलीतून दोघींचं हसणं यायचं.

त्या मुलीचा फोन लागला की मी कान द्यायचो. आईशी बोलायची ते लाडात, झोका दिल्यासारखं. बापाशी बोलायची ते भराभरा, विळीवर कोथिंबीर चिरल्यासारखं. मैत्रिणी आल्या की तिसरंच काहीतरी. सुनेशी इंग्रजी.

"अण्णा, चार भाषा येतात तिला," एकदा जेवताना मुलगा सांगायला लागला. "आईची इलोंगो, वडिलांची बिसाया. शाळेत आणि सगळ्या देशात चालते ती फिलिपिनो. वर इंग्रजी. म्हणते त्यांच्याकडं त्यात विशेष काहीच नाही."

"मग त्यातली एकही धड येत नसेल," मी म्हटलं.

मुलानं सुनेकडं बघितलं, सुनेनं ताटाकडं. मला भाजी गोड लागेना. एका पोरीच्या तोंडात चार-चार भाषा, आणि माझ्या नातीच्या तोंडात माझी एक येत नाही.

मग एका दुपारी, इथले लोक त्याला आर्व्हो म्हणतात, घरात आम्ही तिघंच होतो. ती मुलगी ओट्याशी लसूण चिरत होती. नात शाळेतून आली, माझ्यासमोर उभी राहिली, माझा हात उचलून कपाळाला लावला आणि म्हणाली, "ब्लेस, लोलो." मग तशीच थांबली, तोंडाकडं बघत. मी हात काढून घेतला. तिचा चेहरा पडला, आणि तो पडला म्हणून माझं डोकं फिरलं. आता या भाडेकरणीला सुनवायचंच.

पण सुनवायचं कशात? मला मराठी येते. मोडकं हिंदी येतं, ते तिला येत नाही. इंग्रजीत मला "थँक्यू" आणि "नो वरीज" एवढंच येतं, आणि त्यात भांडण होत नाही. मुलगा-सून कामावर. मी नातीला म्हटलं, "सांग तिला. आमच्या घरात हे चालत नाही. आमच्यात पायाला हात लावतात."

पोरीनं घाबरत सांगितलं. त्या मुलीनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि शांतपणे काहीतरी बोलली. नात माझ्याकडं वळली.

"ती म्हणते... पाय पण ओके. पण हात इज सेम. मी हात घेतला की तुम्ही गुड बोलायचं. मला."

"आशीर्वाद."

"हां. ते द्यायचं. तुम्ही नाही दिला."

"ते राहू दे. तिला सांग, माझ्या नातीला तुझी भाषा शिकवू नको. तिला अजून स्वतःची येत नाही."

या वेळी उत्तर लांबलं. नात डोळे बारीक करून ऐकत होती.

"ती म्हणते, तिच्या घरी पण लोलो होता. खूप... स्टबर्न."

"हट्टी."

"हट्टी. तो फक्त त्याचं बोलायचा, इलोंगो. टीव्हीवर दुसरं आलं की उठून जायचा. तिनं दुसऱ्यात विचारलं की तो आन्सर नाही द्यायचा. आणि घरात कुणी हेल्प नाही करायचं. तिच्या आईनं पण नाही. तिला बोलायलाच लागायचं."

"मग?"

"मग तिला येते ना! तिची सगळी कझिन्सना येते."

मला त्या कोण कुठल्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. हट्ट त्यानं केला तोच मी करत होतो. पण त्याच्या घरात मध्ये पडणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं मी नातीला काही विचारलं की स्वयंपाकघरातून सून उत्तर द्यायची, नाहीतर मुलगा इंग्रजी करून द्यायचा. पोरीला तोंड उघडायचं कारणच नव्हतं. आज दोघं घरात नव्हते, आणि पोर आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून कधीची मराठीत बोलत होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवं भांडण काढलं. लसणाचा वास फार येतो, सांग तिला. त्यानंतर दारातले बूट. मग तिन्ही वेळा भात कशाला लागतो. ती मुलगीही खमकी, प्रत्येकाला उत्तर द्यायची, हसतच. नात शाळेतून पळत यायची, माझा हात कपाळाला लावायची आणि विचारायची, "आजोबा, आज काय सांगायचं तिला?" हाकेत आजोबा आल्यावर मी हात ओढायचं सोडलं. आशीर्वादही देत होतो, पण मराठीतून.

सगळं असं जमत आलेलं, आणि एक दिवस मी म्हटलं, "सांग तिला, भात जास्त—"

"नाही आजोबा," ती मुलगी ओट्यावरून म्हणाली. "आज भात थोडा."

सरळ मराठीत! नातीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चार होत्या त्या पुरल्या नाहीत, आता माझीही पाहिजे हिला? आणि हिला मराठी आली, तर मधे उभं राहायला माझी नात कशाला लागेल?

मी खुर्चीत सरळ बसलो. पुण्याच्या मराठीनं भागणार नव्हतं. आमच्या आईच्या चुलीपाशी जे बोलत होतो, लवकरला येरवाळी आणि कालवणाला कोरड्यास म्हणायचो, ते काढलं.

"सांग तिला," मी नातीला म्हटलं, "येरवाळी उठून कोरड्यास करून ठेवलंस, ते कुठल्या डेचक्यात?"

ती मुलगी थांबली. नातीकडं बघायला लागली. नात माझ्याकडं. मग नात आली, माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"आजोबा, कोरड्यास म्हणजे काय? आणि ते पहिलं?"

ओट्याशी ती मुलगी सुरी हातात धरून कान देऊन उभी होती.

"इकडं ये जवळ," मी नातीला म्हटलं. "कानात सांगतो."