पाटावरची हार्ड डिस्क

आमच्या घरात बाहेरून जोडायची पहिली हार्ड डिस्क आली ती माझ्यामुळे. आत्तासारखी खिशात मावणारी नव्हे. चांगली विटेएवढी, वजनदार, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी, आणि सुरू केली की आतला पंखा घुमायला लागायचा. मी भिवंडीतल्या लूमवाल्यांसाठी कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ-पदर काढायचे. कॉम्प्युटरमधली जागा केव्हाच भरली होती, म्हणून तयार झालेलं प्रत्येक डिझाइन त्या डब्यात जायचं.

माझा हात चांगला होता, हे मी न लाजता सांगते. मालक माझ्या काठासाठी थांबायचे. घरात मात्र याला काम म्हणायला कुणी तयार नव्हतं. नवरा कोर्टात कारकून, ती नोकरी. मी दिवसभर डोळे फोडले तरी 'ही कॉम्प्युटरवर बसते'. पाहुणे आले की पहिला हुकूम मला, ते बंद कर आणि चहा टाक. याचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी गिळत बसत नसे. भांडायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी एका मालकाचा पदर पुरा झाला. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. स्कॅन केलेल्या चित्रांसकट सगळा फोल्डर कट करून, म्हणजे कॉम्प्युटरवरून पुसून, मी डिस्कवर टाकायला लावला. तेव्हा हे प्रकरण रेंगाळत चालायचं, म्हणून तेवढ्यात आंघोळीला गेले.

बाहेर येते तो टेबलावर नुसती वायर लोंबत होती. देवासमोरच्या पाटावर गावाकडचा कोयता, नवऱ्याच्या स्कूटरची किल्ली, आणि मधोमध माझी डिस्क. हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल, बाजूला आपट्याची पानं.

"आई, हे काय केलंत? ती चालू होती!"

सासूबाई दिघाशी गावच्या. शहरात उभा जन्म गेला तरी बोली तीच. "सगळ्यांची हत्यारं पुजतो, तुझंच दर साली राहतंय. तूच म्हणतेस ना, माझं सगळं या डब्यात हाय?"

ज्यासाठी मी इतकी भांडले, ते फूल लेवून पाटावर बसलं होतं, आणि त्यापायीच माझा पदर बहुतेक गेला होता. मी डिस्क उचलायला वाकले. त्यांनी हात आडवा घातला.

"आज न्हाय. पुजलेलं हत्यार आज चालवायचं न्हाय."

घ्या आता! हट्टाने उचलता आली असती. पण कोयत्याला त्या दिवशी कुणी हात लावत नाही, आणि डिस्क उचलली असती तर ते हत्यार नव्हेच, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मी मालकाला फोन केला. म्हटलं, हत्यार पूजेला बसलंय, पदर एक दिवस उशिरा मिळेल.

तो हसला. मला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. "कोई बात नहीं बाजी. अपने कारीगरों ने भी लूम पे फूल चढ़ाया है. आज सब बंद है."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः फूल काढलं आणि माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. डिस्क घुमली. जुनी डिझाइनं जागच्या जागी होती. नवा पदर नव्हता. कॉम्प्युटरवरही नव्हता.

"गेला?"

"गेला."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाईट वाटलं, पण घाबरले मात्र नाही. एकदा हातातून उतरलेला पदर मला परत काढता येतो. "काढते संध्याकाळपर्यंत," म्हटलं आणि पहिली कोयरी सुरू केली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी शेजारच्या काकू काल राहिलेलं सोनं द्यायला आल्या आणि सवयीने दारातूनच मला हाका मारू लागल्या. मी उठणार तोच सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि माझ्या खोलीचं दार ओढून घेत म्हणाल्या,

"तिला हाक मारू नका. ती ड्युटीवर हाय."